कोणी राहिलंय का?

"पण बुवा, अंगणात रोज कोणीच नसतं. मग हाक मारायची कोणाला?"

पुरंदरने हे विचारलं तेव्हा पत्रावळी मांडून झाल्या होत्या आणि पिठल्याचा वास ओसरीभर पसरला होता. मठाचा रिवाज असा, की पंगतीने पहिला घास घेण्याआधी एकाने दारात जायचं आणि कोणी जेवायचं राहिलंय का, असं विचारायचं. आज पाळी पुरंदरची होती. त्याने जागेवरूनच मान उंच करून अंगणात पाहिलं आणि स्वस्थ मांडी घातली.

मठाचे निरंजनबुवा आपली पत्रावळ सरळ करत राहिले.

मठात येण्यापूर्वी बुवा कॉलेजात गणित शिकवत. खोड काही गेली नाही. आसपासच्या गावांतली अकरावी-बारावीची मुलं अजून त्यांच्याकडे बीजगणित शिकायला येतात. यंदा बुवांना तो वर्ग कोणाकडे तरी सोपवायचा होता, आणि पुरंदरला तो हवा होता. इतका हवा होता, की शहरातली नोकरी नाकारून तो इथे भाकऱ्या थापायला शिकला. पोरगा हुशार होताच. ते त्याला कोणी सांगावं लागत नसे, एवढीच काय ती अडचण.

म्हणून त्याने लगेच पुढचं विचारलं, की वर्गाचं काय ठरलं.

"जरा ऐकू दे तरी," बुवा म्हणाले.

पुरंदर सुटला. चल म्हणजे काय, सहगुणक कशाला म्हणायचं, फलाचा प्रांत कसा शोधायचा, विवेचक ऋण आला की मुळं संमिश्र कशी होतात... कुठे अडखळणं नाही. पंगत भाकरीकडे बघत ऐकत राहिली. शेवटी त्याने ठसक्यात सांगितलं, की समीकरणाची जेवढी कोटी, म्हणजे चलाचा सर्वांत मोठा घात, तेवढी त्याची मुळं.

बुवांना मनापासून आनंद झाला. त्यांनी खिशातून खडू काढला आणि फरशीवर लिहिलं: क्ष² = ५क्ष.

"सोडव."

पुरंदरला हसूच आलं. त्याने दोन्ही बाजूंना क्षने भागलं आणि खाली लिहिलं: क्ष = ५.

"कोटी किती?"

"दोन."

"आणि मुळं?"

"दो..."

फरशीवर उत्तर एकच होतं. पिठलं निवत चाललं होतं.

"क्षने भागलंस," बुवा हळूच म्हणाले. "भागण्याआधी त्याला विचारलंस का, बाबा रे, तू शून्य तर नाहीस?"

पुरंदरने क्षच्या जागी शून्य ठेवून पाहिलं. इकडे शून्य, तिकडेही शून्य. समीकरण अगदी नीट जुळलं. शून्य पहिल्यापासून तिथेच होतं, आणि त्याने न विचारताच ते बाहेर काढलं होतं. त्याचे कान तापले. वर्ग गेला, असं त्याला वाटलं.

मग त्याची नजर अंगणाकडे गेली, आणि त्याला हसू फुटलं. आधी थोडं, मग आवरेना. बुवाही हसायला लागले. पंगतीला काही कळलं नव्हतं, तरी तीही हसली.

पुरंदर उठला. उंबरा ओलांडून थेट अंगणात जाऊन उभा राहिला आणि मोकळ्या गळ्याने हाक दिली, "कोणी जेवायचं राहिलंय का?"

चिंचेखाली ऊन सांडलं होतं. फाटकापाशी कोणी नव्हतं. तरी तो थोडा वेळ थांबला. मठात आल्यापासून इतकं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं.

आत आल्यावर बुवांनी विचारलं, "कोण होतं?"

"कोणी नाही."

"बरोबर. उद्यापासून वर्ग तुझा." बुवांनी आपली पत्रावळ जराशी सरकवली आणि शेजारी जागा केली. "आता त्या 'कोणी नाही'चं पान मांड."