तात्यांचा स्मार्ट दिवा

एका गावात एक भोळा बाप होता. तो भोळा आहे हे त्याला सोडून साऱ्या गावाला माहीत होतं. नाव केरबा, पण सगळे तात्या म्हणायचे, म्हणून आपणही तात्याच म्हणू. तात्यांना जे सांगावं ते जसंच्या तसं लक्षात राही. कुठे वापरायचं, तेवढं राहत नसे.

त्यांची मुलगी प्रणाली एम.एस्सी. झालेली. तिला एक मुलगा मनापासून आवडला होता, मुलालाही ती. आता फक्त मोठ्यांची बैठक उरली होती. रविवारी दिवेलागणीला पाहुणे येणार, आणि बैठकीच्या खोलीत एकच पिवळट, मिणमिणता बल्ब.

"जरा झकास दिवा आणा," तात्यांची बायको इंदूबाई म्हणाल्या. "पोरीच्या लग्नाचा प्रश्न आहे."

तात्या मुनीरभाईंच्या दुकानात गेले. मुनीरभाईंनी विचारलं, "स्मार्ट बल्ब देऊ की स्मार्ट स्विच?"

"कुठला चांगला?"

"दोन्ही मोबाइलवर चालतात. बल्ब रंगसुद्धा बदलतो. पण एक पथ्य आहे. भिंतीवरचं बटण कधी बंद करायचं नाही."

"नाही करणार," तात्या म्हणाले, आणि बल्ब घेऊन आले. बल्ब लागला, निळा झाला, गुलाबी झाला. घरात आनंदीआनंद झाला.

दुसऱ्या दिवशी इंदूबाईंनी पाण्याची मोटर लावली आणि बंद करायला तात्यांना सांगून त्या बाजारात गेल्या. परत आल्या तर टाकी वाहतेय, शेजारणीच्या कुरडया अंगणात पोहतायत, आणि तात्या ओट्यावर बसून शांतपणे बघतायत.

"अहो, मोटर बंद का नाही केली?"

"बटण कधी बंद करायचं नाही. मुनीरभाईंनी बजावलंय."

इंदूबाईंनी कपाळाला हात लावला. "काम झालं की बटण बंद करायचं! कळलं?"

"कळलं."

तात्यांना खरंच कळलं होतं. त्यांनी दिव्याचं भिंतीवरचं बटण बंद केलं. मग फ्रिज उघडला. आत श्रीखंडाचा चक्का चांगला गार झाला होता. म्हणजे फ्रिजचंही काम झालं होतं. त्यांनी तेही बटण बंद केलं.

शनिवारी सकाळी चक्का आंबून ढुस्स झाला, आणि मोबाइलवर कितीही बोटं आपटली तरी दिवा लागेना. तात्या पुन्हा दुकानात.

"भिंतीवरचं बटण बंद केलंत ना?" मुनीरभाई म्हणाले. "तुमच्या घराला बल्ब परवडायचा नाही, तात्या. हा स्मार्ट स्विच न्या. ह्याला हातसुद्धा लावायला नको. समोर उभं राहायचं आणि मोठ्यानं, स्पष्ट सांगायचं. ऐकतो."

तात्यांनी वायरमनकडून स्विच बसवून घेतला. बल्ब मात्र आधीचा स्मार्टच ठेवला. एवढा गुलाबी होणारा बल्ब काढवेना.

रविवारी बासुंदीसाठी चार लिटर दूध गॅसवर चढलं. "उतू जाऊ देऊ नका हं," म्हणून इंदूबाई साडी बदलायला गेल्या. दूध वर येऊ लागलं. तात्या समोर उभे राहिले, हात मागे बांधले, आणि मोठ्यानं, स्पष्ट म्हणाले, "दुधा, खाली बस!"

दूध ओट्यावर बसलं, मग फरशीवर बसलं.

इंदूबाई फडकं घेऊन फरशी पुसायला बसल्या. त्यांना रडू यायला लागलं होतं. प्रणालीनं बापाला हाताला धरून बाहेर नेलं. "तात्या, तुम्ही फक्त दिवा बघा हं. बाकी कशाला हात लावू नका."

तात्यांनी दिवा बघितला. तो आपोआप लागत होता, विझत होता, थरथरत होता. त्यांनी घाबरून मुनीरभाईंना फोन लावला.

"स्मार्ट स्विचवर स्मार्ट बल्ब?" मुनीरभाई ओरडले. "अहो, दोघांनाही डोकं असलं की एकमेकांचं ऐकत नाहीत! एकाला डोकं असेल तर दुसरा साधाच हवा. एक काढा, साधा बसवा. मग जन्मभर कटकट नाही."

तात्यांनी नवा साधा बल्ब आणून बसवला. खोली लख्ख उजळली. तात्यांना इतकं समाधान वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. पोरीसाठी आपल्या हातून एक तरी काम धड झालं होतं.

पाहुणे आले. चहापोहे झाले. हसणंखिदळणं झालं. मुलगा प्रणालीकडे चोरून बघत होता, प्रणाली फरशीकडे बघून हसत होती. इंदूबाईंच्या जिवात जीव आला.

मुलाचे वडील म्हणाले, "आमचा मुलगा इंजिनिअर, कॉलेजात पहिला. तुमची मुलगीही पहिली. दोघंही डोक्यानं तल्लख. आणखी काय पाहिजे!"

तात्यांचा चेहरा पडला. "दोघंही?"

"दोघंही!"

तात्या उठले. मुलाच्या खांद्यावर मायेनं हात ठेवला आणि पाहुण्यांना म्हणाले, "मग हा परत घेऊन जा. घरी एखादा साधा असेल तर तो पाठवा, आम्ही बसवून बघतो."