बेहड्यातली टकटक

मुलांनो, सह्याद्रीच्या एका उंच डोंगरावर एके काळी इतके दाट रान होते, की भर दुपारीही जमिनीवर ऊन उतरत नसे. त्या रानातल्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्ष्यांची एक जोडी राहत असे. अंडी घालायची वेळ आली, की मादी ढोलीत शिरून ढोलीचे तोंड चिखलाने लिंपून घेई. चोचीपुरती एक फट तेवढी उरे. आत तिची पिसे झडत, मग तिला उडताही येत नसे. नर त्या फटीतून तिला उंबरे भरवी. तो आला नाही, तर तिला उपासच.

एका वर्षी मादी अशी आत कोंडलेली असतानाच डोंगरावर कुऱ्हाडी आल्या. ठेकेदाराची माणसे दिवसभर झाडे पाडत आणि ओंडक्यांनी भरलेले ट्रक घाट उतरत. बिवळ्याच्या तुटक्या बुंध्यांतून रक्तासारखा लाल चीक ओघळे. आधी वानरे गेली, मग शेकरू, मग भेकरे. रान असे गप्प झाले, की धुक्यात एखादे पान गळले तरी अंगावर काटा यावा. शेवटी कोल्हाही निघाला. जाताना तो धनेशाला म्हणाला, "अरे, पंख असून इथे काय मरायला थांबतोस? दुसरे रान बघ, दुसरी जोडीदारीण बघ!" धनेश उंबर शोधायला उडून गेला.

तो परतला, तेव्हा ढोलीतून मादीने विचारले, "बाहेर एवढे शांत का आहे? पाखरे कुठे गेली?"

"धुके पडले आहे," नर म्हणाला. "दिसत नाहीत, एवढेच."

"आणि तू?"

"मी आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसे बेहड्यापाशी आली. पहिला घाव बसला आणि आतून आवाज आला, टक टक. माणसे थबकली. दुसरा घाव बसला. पुन्हा आतून टक टक! "मुकादम, झाडात कोणीतरी आहे!" एकाने कुऱ्हाड टाकली. बेहड्यावर भुते राहतात, हे सगळ्यांनी लहानपणी ऐकलेले होते. तेवढ्यात वर धुक्यात पंखांची मोठी घरघर झाली आणि एक काळी सावली थेट त्यांच्या डोक्यावरून गेली. ती खोडाला बिलगली. खोडातून एक चोच बाहेर आली, उंबर घेऊन आत गेली. माणसे इतकी जवळ उभी होती. तरी धनेश खोड सोडून हलला नाही.

पाहणीसाठी आलेल्या वनाधिकारी बाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी हळूच विचारले, "मुकादम, बाकीचे पक्षी कुठे आहेत?"

मुकादमाने कान देऊन ऐकले. "बाई, किती दिवसांत एकही ऐकला नाही," तो म्हणाला आणि त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

बाईंनी त्या दिवशी तोड थांबवली. ठेकेदाराने आकांडतांडव केले, वर्षानुवर्षे वाद चालला. पण अखेर तो सारा डोंगर राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. कुऱ्हाडींना बंदी झाली. बुंध्यांना धुमारे फुटले. धनेशांनी खाऊन टाकलेल्या बियांतून उघड्या उतारांवर रोपे उठली. सावली दाट झाली, तशी वानरे आली, भेकरे आली. एके दिवशी म्हातारा झालेला कोल्हा बेहड्याखाली येऊन खाली मान घालून उभा राहिला.

"आम्हाला जागा आहे का रे इथे?" त्याने विचारले.

"आहे की," धनेश म्हणाला. "फक्त हळू बोल. आत पिल्ले आहेत."

तात्पर्य : सगळे निघून जात असताना जो आपल्या माणसासाठी जागा धरून राहतो, त्याच्यामुळेच गेलेल्यांनाही परतायला घर उरते.