नदी माझी म्हणणारा राजा

एका राज्यात दंडधर नावाचा राजा होता आणि त्याच्या नगरापाशी एक बारमाही नदी होती. पाणी गोड, तळ दिसेल इतके नितळ. आयते मिळालेले हे पाणी राजा आपलीच करणी समजू लागला. त्याने उंच मनोरा बांधून त्यावर कोरून घेतले, 'नदी माझी. मीच ती घडवली.' पुढे शेजारचे नगर शत्रूने जाळले आणि तिथली माणसे जीव मुठीत धरून त्याच्या वेशीशी आली. महाराजांनी दरवाजे लावून घेतले आणि तटावर उभे राहून हसले.

तोच मनोऱ्यावर एक टिटवी येऊन बसली आणि माणसाच्या वाणीने बोलली, "राजा, ज्याने नदी घडवली, त्याने तुझे हसणे ऐकले आहे."

टिटवी उडाली आणि नदी दगड झाली, लाटांसकट. त्याच क्षणी राजकन्या केतकी पावलांपासून दगड होऊ लागली. दरबारच्या मांत्रिकाने तीन दिवस मंत्र म्हटले. त्याचा घसा बसला, बाकी काही झाले नाही. दगड केतकीच्या गुडघ्यांवर चढला.

टिटवी पुन्हा आली. राजाने हात जोडले. "उपाय सांग."

"तीन कामे. मनोऱ्यावरचे लेखन स्वतःच्या हातांनी खोड. जळालेल्या नगराचा तट बांधायला दगड वाहा. आणि तिथल्या माणसाकडे पाणी माग. दगड मुलीच्या गळ्याशी पोहोचण्याआधी."

राजाने छिन्नी घेतली. हाताला फोड आले, पण अक्षरे गेली. मग शेजारच्या नगरात, राखेत परतलेल्या लोकांबरोबर, त्याने सात दिवस दगड वाहिले. खांदे सोलवटले, पण तट उभा राहिला. तिसरे काम सोपे वाटले आणि तिथेच गाडे अडले. बिचाऱ्याने जन्मात कधी काही मागितलेच नव्हते.

तिथली भागाई नावाची म्हातारी विहिरीवरून भरलेली घागर घेऊन चालली होती. राजा म्हणाला, "पाणी आण. मी राजा आहे."

भागाईने घागर खाली ठेवली. "ओळखलंय तुला. माझा लेक तुझ्या वेशीबाहेर तडफडून गेला."

 राजाने गुडघे टेकले. "आई, माझी लायकी नाही. पण पाणी द्याल का? माझी लेक दगड होते आहे."

भागाईने घागर उचलली. मग म्हणाली, "लायकीचं कोण विचारतंय? हे पाणी तरी माझं कुठं आहे? मलाही मिळालेलंच. धर ओंजळ."

राजा प्याला आणि ढसाढसा रडला. "फार उपकार झाले, आई." हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघाले.

दूर कडाड् असा आवाज झाला. दगड फुटला, नदी वाहू लागली आणि केतकी आपल्या पायांनी चालत काठावर आली. धावत परतलेल्या राजाने तिला पोटाशी धरले आणि देणाऱ्याचे मोठ्याने आभार मानले. 

राज्याची घडी बसली, शेते पिकली. भागाईचा लेक मात्र परत आला नाही. म्हणून रोज सकाळी राजा नदीवर जाई, घागर भरे आणि डोक्यावर घेऊन तिच्या दारी पोहोचवी. हे काम आधी तिचा लेक करत असे.