हरिणी आणि वडापची गाडी

कोल्हापुरात मोटारींवर जीव टाकणारा एक शिष्य होता, आणि त्याच्या भाग्याने त्याला तितकाच जाणता वस्ताद लाभला होता. शिष्य म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कोवळ्या वयाचा विद्यार्थी येतो. हा तसा नव्हता. सुधन्वा शिंत्रे हा बेचाळीस वर्षांचा, महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवणारा गृहस्थ. रविवार उजाडला की मात्र तो आपले प्राध्यापकपण घरी ठेवी आणि उद्यमनगरातल्या बाबालाल मुजावर यांच्या गॅरेजात हात काळे करून घेई. बाबालाल वस्तादांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. इंजिन सुरू झाल्यावर ते बॉनेटवर तळवा टेकवत आणि दुखणे कुठे आहे ते सांगत.

सुधन्वाला वडिलांकडून एक मोटार मिळाली होती. तिचे नाव हरिणी. दोन माणसांची, ठेंगणी, वळणावर रस्ता धरून धावणारी ही गाडी एका देशी कंपनीने जेमतेम सहा वर्षे बनवली आणि मग बंद केली. त्याला चाळीसहून अधिक वर्षे लोटली होती. तरी महाराष्ट्रात अजून एकतीस हरिण्या चालत्या होत्या. त्यांच्या मालकांचे एक मंडळ होते आणि सुधन्वा त्याचा अध्यक्ष होता.

एके दिवशी बातमी आली की कंपनी हरिणी पुन्हा बनवण्याच्या विचारात आहे. सुधन्वाने महाविद्यालयात पेढे वाटले. मंडळातला प्रत्येक जण नव्या गाडीबद्दल बोलू लागला. कुणाला तेच गोल दिवे हवे होते, कुणाला इंजिनाचा तोच घुमणारा आवाज. बघता बघता एकतीस मनांत एकतीस नव्या हरिण्या तयार झाल्या. गाडीचे एकही चित्र अजून कुणी पाहिले नव्हते.

पुढे कंपनीने आपल्या एका अभियंता बाईंना मंडळाच्या पन्हाळ्यावरच्या मेळाव्याला पाठवले. त्यांचे नाव केतकी भडसावळे. त्यांनी चित्रे दाखवली, आणि काहीही न लपवता सांगितले की नव्या हरिणीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, इंजिन आणि ॲक्सल कंपनीच्या सात माणसांच्या गाडीचेच असतील. ती गाडी सर्वांना ठाऊक होती. गावोगाव माणसे कोंबून जी वडाप म्हणून धावते, तीच.

सुधन्वा उठला. "बाई," तो म्हणाला, "वडापच्या गाडीवर हरिणीचं कातडं घालून आणलंय तुम्ही. निदान नाव तरी दुसरं द्या."

टाळ्या पडल्या. केतकीबाईंचा चेहरा उतरला, पण त्या खाली बसल्या नाहीत. "सर, हिच्या एकटीसाठी वेगळी चासी घडवायला कंपनी कधीच तयार होणार नाही. सहा वर्षं मी हेच मागत आलेय. अशी होईल, नाहीतर होणारच नाही."

"मग नाही झाली तरी चालेल!" मागून कुणीतरी ओरडले.

केतकीबाईंनी चित्रांची गुंडाळी केली आणि चहा न घेता त्या निघून गेल्या.

मंडळाने त्याच आठवड्यात पत्र तयार केले: हरिणीचे नाव या गाडीला देऊ नये. मंडळाचे मत आल्यावरच शेवटचा निर्णय घेऊ, असे कंपनीने आधी कळवले होते. म्हणजे हे पत्र गेले की गाडी गेली, हे सर्वांना कळत होते. पहिली सही वस्तादांची असावी असे ठरले, कारण एकतीसपैकी निम्म्या हरिण्या त्यांच्याच हातांनी जिवंत राहिल्या होत्या.

वस्तादांनी पत्र सावकाश वाचले. घडी करून परत दिले. "सही करतो की. पर आधी तुझी गाडी खोल."

"माझी? तिला काय झालंय?"

"काय न्हाई झालं. समदी खोल. हितं दोन ताडपत्र्या अंथर. जे सामान फकस्त हरिणीचंच हाय, दुसऱ्या कुठल्या गाडीला लागत न्हाई, ते डाव्या ताडपत्रीवर. जे दुसरीकडनं आलंय, ते उजवीवर. समदं मांडून झालं की मला बोलीव."

धडधाकट गाडी उघडायला सांगणारा मेकॅनिक सुधन्वाने पाहिला नव्हता. तरी गुरूचा शब्द म्हणून त्याने दिवाळीच्या सुट्टीत काम हाती घेतले. प्रत्येक भागावरचे तेल पुसून त्याने क्रमांक वाचले आणि वस्तादांकडच्या जुन्या, कडा फाटलेल्या पुस्तकांतून ताडून पाहिले. गिअरबॉक्स निघाला कंपनीच्या घरगुती मोटारीचा. स्टिअरिंगची पेटी टेम्पोची. ब्रेकचे ड्रम रुग्णवाहिकेचे. वायपरची मोटर तर चक्क बसची. चासीच्या दांड्यावरही टेम्पोचा क्रमांक ठोकलेला होता. चौथ्या दिवशी उजव्या ताडपत्रीवर पाय ठेवायला जागा उरली नाही. डावीवर दारे होती, बॉनेट, दोन आसने, पेट्रोलची टाकी आणि पुढची नावाची पट्टी.

सुधन्वाने वस्तादांना हाक मारली.

"वस्ताद, मग यात हरिणी कुठाय?"

"मला बी हेच इचारायचं हुतं तुला," वस्ताद म्हणाले. त्यांनी स्टूल ओढून घेतले. "हे स्प्रिंगचे पाटे बघ. टेम्पोला सात पानं असत्यात. हिला किती?"

"पाच."

"आणि इंजिन?"

"वीतभर मागे बसवलंय, वळणावर तोल राहावा म्हणून."

"आपोआप मागं सरकलं का ते? कुणीतरी बसून, डोकं लढवून केलंय ह्ये. त्येला बी वरनं सांगितलं असंल, बाबा रे, हेच सामान वापर, न्हाईतर गाडी करू नगंस. मग त्येनं रुसून घरी बसाय पायजे हुतं का? तो बसला असता, तर तुझ्या बाच्या दारात हरिणी कधी आली असती?"

वस्तादांनी वाकून उजव्या ताडपत्रीवरून ॲक्सलची एक दांडी उचलली. तिच्या टोकाला पंचाने ठोकलेल्या तीन खुणा होत्या.

"ही दांडी दुसरीगत न्हाई. दिसलं का?"

"दिसलं. कुणी बदलली?"

"मीच. तुझा जन्म बी झाला नव्हता तवा." वस्तादांनी दांडी मांडीवर आडवी धरली. "तुझे वडील गारगोटीला डॉक्टर. पाटगावच्या अंगाला एक बाई अडलेली, मूल आडवं आलेलं. डॉक्टर सकाळच्या पारी हरिणी घेऊन निघाले आणि कडगावच्या पुढं दांडी मोडली. गाडी जाग्यावर उभी. मी तवा दुधाच्या टेम्पोवर मेकॅनिक म्हणून फिरत हुतो. आमचा टेम्पो समोरनं आला. डायवर गणपा चौगुले. त्येनं इचारलं, काय झालं. डॉक्टरांनी सांगितलं. गणपानं टेम्पो कडंला घेतला आणि मला म्हणाला, बाबालाल, आपली दांडी काढ."

"आणि तुमचा टेम्पो?"

"ऱ्हायला तिथंच. दुपारपतोर. समदं दूध नासलं. गणपाला त्यापायी चार दिवस घरी बसवलं. पर डॉक्टर वेळंवर पोचले. बाई वाचली, मूल बी वाचलं."

सुधन्वाने ती दांडी हातात घेतली. वडिलांनी गाडी त्याला सोपवली तेव्हा ते एवढेच म्हणाले होते की या गाडीवर फार लोकांचे उपकार आहेत. त्याला ते एका म्हाताऱ्या माणसाचे हळवेपण वाटले होते.

वस्ताद पुढे म्हणाले, "हरिणीची दांडी फकस्त हरिणीचीच असती, तर त्या दिवशी गणपाला लई इच्छा असून बी देता आली नसती. पुढं कंपनीनं गाडी बंद केली. तरी तू गेली पंधरा वर्सं ही चालवतोस. सामान कुठनं आणतोस? टेम्पोच्या भंगारातनं, बसच्या भंगारातनं. चौघांचं सामान हिच्यात हाय, म्हणून चौघांनी हिला जगवली. नव्या गाडीत काय कमी हाय ते जरूर सांग. तुला तेवढं कळतंय. पर जी बाई सहा वर्सं हिच्यासाठी भांडली, तिला पैलं बरं वाटंल असं बोल. मग चूक दाखीव. आता आण ते पत्र, सही करायची असंल तर करतो."

सुधन्वाने पत्र दिले नाही. गाडी जोडायला त्याला आणखी दहा दिवस लागले, आणि त्या दहा दिवसांत त्याने प्रत्येक भाग बसवताना तो कुठून आला याचा विचार केला. वायपरची मोटर बसवताना त्याला हसू आले. ब्रेकचे ड्रम बसवताना मात्र तो थांबला. त्या रुग्णवाहिकेतून किती जण घरी परत गेले असतील, असे काहीतरी त्याच्या मनात आले.

मग तो पुण्याला गेला. केतकीबाईंनी त्याला कारखान्याच्या स्वागतकक्षात दहा मिनिटे दिली होती. त्या उभ्याच राहिल्या.

"मी माफी मागायला आलोय," सुधन्वा म्हणाला. "पन्हाळ्यावर मी जे बोललो ते शिकवणाऱ्या माणसाला शोभणारं नव्हतं. आणि एक विचारायचंही होतं. नव्या हरिणीत वडापच्या गाडीचं इंजिन तुम्ही मागे सरकवलंय का?"

त्या खुर्ची ओढून बसल्या. "अकरा सेंटीमीटर. त्या अकरासाठी मी दोन वर्षं भांडले, सर. तुम्ही हे विचारणारे पहिले." दहा मिनिटांचे तीन तास झाले. शेवटी त्यांनी चाचणीची गाडी बाहेर काढली आणि किल्ली त्याच्या हातात ठेवली.

मंडळाची बैठक सोपी गेली नाही. अकरा जणांनी नव्या पत्रावर सही करायला साफ नकार दिला. साताऱ्याचे निंबाळकर म्हणाले, "मास्तर, तुम्हाला त्यांनी फितवलं." सुधन्वाने वाद घातला नाही. त्याने फक्त आपल्या गाडीच्या भागांची यादी वाचून दाखवली, कुठला भाग कुठून आला त्यासह, आणि दुधाच्या टेम्पोची गोष्ट सांगितली. वीस सह्यांचे पत्र गेले. त्यात आधी केतकीबाईंचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आभार होते, मग तीन सूचना: गिअरचा दांडा आखूड करावा, आसन खाली घ्यावे, पाटे मऊ ठेवू नयेत.

दीड वर्षाने नवी हरिणी आली. तीनपैकी दोन सूचना कंपनीने मानल्या होत्या. गिअरचा दांडा लांबच राहिला. केतकीबाई पहिली गाडी स्वतः चालवत कोल्हापूरला घेऊन आल्या आणि त्यांनी आधी उद्यमनगर गाठले. सुधन्वाने वस्तादांना शेजारी बसवले आणि तिघे पन्हाळ्याच्या रस्त्याला लागले, पुढे नव्या हरिणीत हे दोघे, मागे केतकीबाई सुधन्वाच्या जुन्या हरिणीत.

घाटात वस्ताद डोळे मिटून बसले होते. प्रत्येक वळणावर त्यांचा तळवा दारावर दाबला जाई. वर पोचल्यावर सुधन्वाने हात देऊन त्यांना उतरवले आणि मनात दीड वर्ष असलेला प्रश्न विचारला, "वस्ताद, हरिणी आहे का ही?"

"तुझ्या बाची न्हवं," वस्ताद म्हणाले. "गिअर टाकताना वडाप आठवतीय. पर वळणाला लाजवत न्हाई. हिला हिच्या पायावर पळू दे."

एवढ्यात केतकीबाई जवळ आल्या. काय म्हणाले, हे विचारायचे धैर्य त्यांना होत नव्हते. वस्तादांनीच त्यांच्याकडे वळून हात जोडले. "बाई, ह्या जन्मात नवी हरिणी बघीन असं वाटलं नव्हतं. तुम्ही दावलीत. लई केलंत."

बाईंनी पुढे होऊन त्यांचे जोडलेले हात धरले. सुधन्वा बाजूला उभा होता. गिअरच्या दांड्याविषयी बोलायचे म्हणून त्याने खिशात टिपण आणले होते. ते त्याने पुढच्या भेटीसाठी ठेवून दिले आणि सर्वांसाठी चहा सांगायला गेला.

वाचकहो, ज्याची आपण वर्षानुवर्षे वाट पाहिली ते दारी आले, की ते कसे असायला हवे होते हे जरूर सांगावे. पण ते कुणी आणले, याची चौकशी त्याआधी करावी.