मडकंभर थंडी

दवंडीचा ढोल वाजला आणि हिवरनगरातल्या आयाबायांनी कपाळाला हात लावला. आता आणखी काय!

"ऐका हो ऐका! परवापासून पाठशाळेला थंडीची सुट्टी! सुट्टीचा गृहपाठ म्हणून प्रत्येक पोराने घरून मडकंभर थंडी आणायची होऽ! संक्रांतीनंतर जो आणणार नाही, त्याचं नाव पटावरून कमी!"

सगुणा रंगारीण कोपरापर्यंत हिरव्या रंगात बुडालेली. तिथूनच ओरडली, "अरे धोंडबा, थंडी काय बाजारात मिळते?"

"मला नको विचारू, वहिनी! मी आपला ढोल बडवणारा. आणि हो, एक राहिलंच की! उद्या पोरांनी पिवळे कपडे घालून यायचंय!"

"उद्या? आणि दिवस मावळताना सांगतोस?"

पण धोंडबा पुढच्या गल्लीत पोचलासुद्धा. घटकाभरात सगळ्या आळीतल्या बाया पोरांचे सदरे घेऊन सगुणेच्या दारात हजर! पिवळा हवा, आत्ताच हवा, वाळवून हवा!

राजा भानुसेनाला पाठशाळेचं वेड भारी. शेगडीशेजारी लोडाला टेकून बसायचं आणि सुचेल तशी दवंडी सोडायची. आज काय, पोरांच्या टोप्यांवर नावं घाला. उद्या काय, पाठशाळेत राहिलेल्या चपला ओळखून न्या. एकदा तर म्हणे, पोरांनी भाजीचं सोंग घेऊन यावं! सुताराच्या सुनेने पोराला मेथीच्या जुड्या बांधून धाडलं, तर वेशीतल्या गाईने सगळं सोंग खाऊन टाकलं. पोर घरी आलं ते लंगोटीवर!

नियमही तसेच. घंटा उजाडायच्या आधी. बसायचं उघड्या चौकात, फरशीवर. शाल, टोपी, शेकोटी आत आणायची नाही, त्याने म्हणे शिस्त बिघडते! म्हणजे टोपीवर नाव घालायचं आणि टोपी दाराबाहेर ठेवायची.

रात्री सगुणेची लेक यमू पाटी उराशी धरून बसली. त्या घरात पाटी हातात धरणारी ती पहिलीच. "आई, माझं नाव कमी करतील?"

"कमी करणाऱ्याला आधी माझ्याशी बोलावं लागेल. झोप तू!"

सुट्टी पोरांना लागली, आयांना नाही. संक्रांत सरली, तिळगूळ संपला आणि सगळे आपापली मडकी घेऊन दरबारात उभे राहिले. पडदे सोडलेले, शेगड्या फुललेल्या. राजा दोन शाली पांघरून बसलेला. बाजूला मोठे पंतोजी.

सुताराच्या सुनेने मडकं उघडलं. राजाने आत पाहिलं. "हे तर दव!"

"थंडीतलंच आहे, महाराज!"

"दव म्हणजे दव! पुढचा!"

कुणी विहिरीचं गार पाणी आणलं, कुणी पारावरचा दगड. एका आजोबांनी तर रात्रीची भाकरीच पुढे केली. "हात लावून बघा, कशी गारठलीय!"

"ही शिळी आहे!" राजा गरजला. "एकालाही साधा गृहपाठ येत नाही? पंतोजी, नावं कमी करा सगळ्यांची!"

"थांबा, महाराज!" सगुणा पुढे झाली. तिच्या हातात मातीने तोंड लिंपलेलं लहानसं मडकं होतं. "माझ्या यमूचा गृहपाठ राहिलाय बघायचा."

"थंडी आहे यात?"

"काठोकाठ! पण इथे नाही उघडणार."

"का गं?"

"पोरांचा गृहपाठ कुठे तपासतात, महाराज? पाठशाळेत, का स्वयंपाकघरासारख्या उबेत?"

राजाने पंतोजींकडे पाहिलं. पंतोजी घसा खाकरत म्हणाले, "पाठशाळेतच. घंटा झाल्यावर."

"मग उद्या तिथे या. आणि नियम सगळ्यांना सारखे ना, महाराज? की गादीवरच्यांची शिस्त बिघडत नाही?"

दरबारात खसखस पिकली. राजा हट्टाचा पक्का. "नियम म्हणजे नियम! उद्या येतो. पण मडकं रिकामं निघालं, तर नाव कायमचं कमी!"

दुसऱ्या दिवशी, अजून चांदण्या असताना घंटा झाली. राजाने शाली दाराबाहेर काढल्या, मुकुटही काढला, तोही डोक्यावरचाच ना! फरशीवर मांडी घातली आणि टुणकन उडाला. पुन्हा बसला. पोरं सवयीने एकमेकांना चिकटून बसली. राजाला चिकटायला कोण येणार!

"उघड मडकं!"

"आधी प्रार्थना, महाराज," यमू म्हणाली. "मग सूचना."

प्रार्थना झाली. पंतोजी सूचना वाचू लागले. राजानेच काढलेल्या त्या, संपता संपेनात! नदीवरचा वारा चौकात शिरला. राजाचं नाक लाल झालं, गुडघे हलू लागले.

"पु-पु-पुरे! कुणी लिहिल्यात एवढ्या?"

सगुणेने मडक्याचं लिंपण फोडलं आणि ते राजासमोर उपडं केलं. "घ्या, महाराज! ओतली!"

"अगं बाई, थंडी केवढी ही!" राजाच्या तोंडून निघून गेलं. दात कडकड वाजत होते.

"पोचली म्हणायची तर! पंतोजी, राजानेच सांगितलं, यमूचा गृहपाठ पुरा!"

राजा थिजला. थिजलेला होताच, आणखी थिजला. मग मडक्याकडे बोट करून म्हणाला, "ए-एवढ्याशा मडक्यात इतकी?"

"धाकट्या वर्गाचा गृहपाठ आहे, महाराज, म्हणून लहान मडकं. मोठ्या वर्गासाठी उद्या रांजण आणते!"

"नको! नको गं, बाई!" आणि राजा असा हसला, असा हसला, की हसता हसताच त्याला ऊब आली! सगळ्या पोरांची नावं पटावर राहिली. घंटा उन्हं अंगणात आल्यावर व्हायची ठरली, चौकात शेगड्या आल्या. राजाने आपली एक शाल यमूच्या खांद्यावर टाकली, दुसरी सगुणेला दिली. वर हुकूम सोडला, की इथून पुढे कुठलीही दवंडी आधी सगुणा रंगारणीला ऐकवायची, ती हसली नाही तरच ढोल वाजवायचा!