हलक्या माणसाचे भरलेले पान

समुद्राकाठच्या एका गावात एकदा एक वृद्ध पाडेली राहत असे; सगळे त्याला आबा म्हणत. झाडावर चढून नारळ-सुपाऱ्या उतरवणाऱ्याला त्या भागात पाडेली म्हणतात. हा वृद्ध सुपारीच्या झाडावर, म्हणजे एका पोफळीवर, चढला की चाळीस पोफळी करूनच जमिनीला पाय लावी. शेंड्याशी बसून तो झाडाला झोका देई, शेजारची पोफळ हाताशी आली की तिला धरी आणि अलगद तिच्यावर जाई. वय सत्तरीचे, पण अंगावर तोळाभर मांस जास्त नव्हते. खाली उभा राहून पाहताना त्याचा शिष्य धाकू श्वास घ्यायला विसरे.

धाकू तिशीचा. दहा वर्षे त्याने आबांच्या हाताखाली काढली होती आणि दुसरे कोणतेही काम त्याला येत नव्हते. गेल्या दोन वर्षांत मात्र त्याचे अंग सुटले होते. यंदा सुपारीच्या पहिल्या पाडणीला त्याने झोका घेतला, तेव्हा पायाखालची पोफळ तडकली. तो खोडाला मिठी मारून कसाबसा घसरत खाली आला.

आगराचे, म्हणजे त्या नारळ-पोफळीच्या बागेचे, मालक धावत आले. धाकू धडधाकट आहे हे पाहून त्यांनी आबांना बाजूला घेतले.

"तुमचा शिष्य म्हणून इतके दिवस बोललो नाही, आबा. पण दुसऱ्या पाडणीला हा वर नको. झाड गेलं तर झाड लावता येईल. हा गेला तर?"

"दुसरी पाडणी कधी?"

"दोन-अडीच महिन्यांनी."

"मग तेव्हा मी सांगेन, वर कोण जाईल ते."

वाटेत धाकूचे डोळे भरून आले. "आबा, मी खातो तरी काय? रिकामं पोट आणि हलकं अंग, असं आपल्यात सगळेच म्हणतात. सूर्य मावळेपर्यंत मी अन्नाला शिवत नाही."

"खरंच?"

"तुमची शपथ! प्रत्येक आगरात चहाबरोबर देतात ती नारळाची वडी, तेवढीच. ती काय, एवढीशी!"

आबा हसले नाहीत. म्हणाले, "उद्या वडी घे, पण तोंडात टाकू नकोस. फडक्यात बांध आणि संध्याकाळी माझ्याकडे ये."

दुसऱ्या दिवशी धाकूला नारळ पाडायचे होते. नारळाचे खोड कोणालाही पेलते. पण दुपार कलेपर्यंत त्याचे हात थरथरू लागले. संध्याकाळी तो आबांच्या पडवीत पोचला, तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

आबांनी फडके सोडले. सहा आगरांच्या, दोन-दोन करून, बारा वड्या. त्यांनी कोयत्याने दोन नारळ फोडले, चारी भकले धाकूपुढे ठेवली आणि शेजारी साखरेचा ढीग ओतला.

"खा."

"एवढं कोण खाईल, आबा?"

"तूच. रोज खातोस."

धाकू गोंधळून एक तुकडा चावू लागला. पाव नारळ संपेपर्यंत त्याचा जबडा दुखून आला. त्याने मान हलवली.

मग आबांच्या पत्नीने केळीचे अख्खे पान मांडले. त्यावर पडवळाची भाजी, दुध्याची भाजी, उकडलेले मूग, काकडीची कोशिंबीर आणि लाल तांदळाचा मुठीएवढा भात. बाजूला कुळथाच्या कढणाची वाटी आणि तांब्याभर पातळ ताक. पानावर बोट ठेवायला जागा उरली नव्हती.

"बघतोस काय? माझ्या म्हाताऱ्याचं रोजचं पान आहे हे," ती म्हणाली. "दृष्ट लावू नकोस."

धाकू थक्क झाला. हा माणूस वाऱ्यावर जगतो, अशी त्याची समजूत होती.

आबा म्हणाले, "बाळा, तू घास किती मोठा ते पाहिलंस, घासात काय आहे ते पाहिलं नाहीस. दोन नारळ आणि ही साखर बारा वड्यांत मावते, गिळताना पोटाला पत्ताही लागत नाही. ते भूक मागतच राहतं आणि अंग मात्र वाढतं. पडवळ, दुधी, काकडी म्हणजे बहुतेक पाणी आणि चोथा. मूग-कुळीथ सावकाश पचतात, धीर देतात. हे पान पोट भरतं, अंगावर बसत नाही. वडी वाईट नाही रे, सणाची आहे. तिला तू जेवणाच्या जागी बसवलीस. उपाशी राहून कोणी हलका होत नाही, नुसता दुबळा होतो. आणि दुबळ्या हातांनी पोफळ धरायची नसते."

त्या दिवसापासून धाकू सकाळी त्या पडवीत जेवू लागला. जेवून तासभर सावलीत पडायचे, मगच झाडाला हात लावायचा, हा आबांचा दंडक. पहिले चार दिवस त्याला चोरी केल्यासारखे वाटे. आठव्या दिवशी वडीची बशी समोर आली आणि त्याचा हात पुढे गेला नाही.

"आमच्या वडीचं काय बिघडलं रे?" त्या आगराची घरधनीण रुसली.

"काही नाही, वहिनी. आबांनी पोटात जागाच ठेवली नाही!"

दुसऱ्या पाडणीपर्यंत धाकूचे सुटलेले अंग बरेच उतरले होते. त्या सकाळी मालकांनी आबांकडे पाहिले. आबांनी धाकूकडे बोट केले.

धाकू चढला. शेंड्याशी बसून त्याने झोका दिला. पोफळ वाकली, तिने त्याला शेजारच्या पोफळीच्या हाती दिले आणि मागे सरळ उभी राहिली. मग दुसरी, तिसरी, दहावी. हात थरथरले नाहीत.

पंधराव्या झाडावरून त्याने अभिमानाने खाली पाहिले. मालक मान वर करून टक लावून पाहत होते. आबा मात्र झाडांकडे पाठ करून बसले होते आणि पडलेले घड निवांतपणे टोपलीत रचत होते. क्षणभर धाकूला वाईट वाटले. मग त्याला उमजले, की आपली काळजी करण्याचे काम आता गुरूंना उरलेले नाही. त्याने पुढची पोफळ धरली.