शेणकिड्याची गोळी गेली बांबूत

गावाबाहेर एक रान. रानाला कुंपण. आत एक पायवाट, बांगडीसारखी गोल. कुठूनही निघा, चालत राहा, परत तिथंच याल. सुट्टीला माणसं तिथं चालायला येतात. गाईपण येतात. गाई काय करून जातात ते मी नाही सांगत. तुम्हाला ठाऊक आहे.

त्या रानात राहायचा गोंदू. गोंदू होता शेणकिडा. एवढुस्सा, काळाकुळकुळीत. त्यानं केली शेणाची एक गोळी. गोल गोल, गुळगुळीत. त्याच्या बायकोनं बीळ खणून ठेवलं होतं. गोळी बिळात न्यायची. गोळीत अंडं घालायचं. बाळ आलं की त्यानं ती गोळीच खायची. शी शी नका करू. त्यांचा तो लाडू.

गोंदू गोळी ढकलायचा मागच्या पायांनी. डोकं खाली, ढुंगण वर. मग पुढचं दिसणार कसं? आला उतार. सुटली गोळी. गडगड गडगड गडगड. गेली बांबूच्या बेटात. दोन बांबूंच्या मध्ये अडकली, गच्च.

आता बाळ खाईल काय? बायकोला सांगू काय? गोंदूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुरुतुरु तुरुतुरु. गोंदू गेला बांबूकडे.

"बांबूदादा, बांबूदादा, जरा वाक ना. माझं ते मिळेना."

"ते म्हणजे काय रे?"

गोंदूनं मान खाली घातली. "नाही सांगत. लाज वाटते."

बांबू म्हणाला, "मी नाही वाकत, जा. वानर झुलेल, तर मी वाकेन."

तुरुतुरु तुरुतुरु. गोंदू गेला वानराकडे.

"वानरकाका, वानरकाका, जरा झुला ना. बांबू वाकेना, माझं ते मिळेना."

"ते म्हणजे काय रे? केळं?"

"नाही सांगत. लाज वाटते."

वानर म्हणालं, "उपाशीपोटी कोण झुलतं? मी नाही झुलत, जा. उंबर गळेल, तर मी झुलेन."

तुरुतुरु तुरुतुरु. गोंदू गेला उंबराच्या झाडाकडे.

"उंबरआजी, उंबरआजी, जरा गळ ना. वानर झुलेना, बांबू वाकेना, माझं ते मिळेना."

"ते म्हणजे काय रे सोन्या? गुळाचा खडा?"

"नाही सांगत. लाज वाटते."

उंबर म्हणालं, "आपोआप गळायला मी काय तुझं नाक आहे? मी नाही गळत, जा. धनेश बसेल, तर मी गळेन."

धनेश म्हणजे मोठ्ठा पक्षी. चोच ही एवढी. तो वर घिरट्या घालत होता.

तुरुतुरु तुरुतुरु. गोंदू चढला दगडावर.

"धनेशमामा, धनेशमामा, जरा बसा ना. उंबर गळेना, वानर झुलेना, बांबू वाकेना, माझं ते मिळेना."

"ते म्हणजे काय रे? सोन्याचा मणी?"

सोन्याचा मणी म्हणे. गोंदू इतका वाकला, इतका वाकला, की नाक दगडाला टेकलं. "नाही सांगत. लाज वाटते."

धनेश म्हणाला, "ती पोरगी बघ. भोकाड पसरून बसलीय. माझे कान किटले. मी नाही बसत, जा. पोरगी थांबेल, तर मी बसेन."

तुरुतुरु तुरुतुरु. गोंदू गेला पोरीकडे.

पोरीचं नाव कस्तू. आई-बाबा आणि दादाबरोबर चालायला आली होती. वाटेतच बसली होती फतकल मारून. भ्यांऽऽ भ्यांऽऽ.

"कस्तूताई, कस्तूताई, जरा थांब ना. धनेश बसेना, उंबर गळेना, वानर झुलेना, बांबू वाकेना, माझं ते मिळेना."

"नाही थांबत, जा. माझा बूट घाण झाला. दादा हसतो."

"कशानं घाण झाला?"

कस्तूनं तोंड फिरवलं. "नाही सांगत. लाज वाटते."

गोंदू बुटाजवळ गेला. त्याच्या मिशा हलल्या. त्याला वास आला. ओळखीचा वास.

गोंदू हळूच म्हणाला, "ताई, शेण आहे ना?"

कस्तूनं पाय मागे ओढला.

गोंदूनं डोळे मिटले. एक मोठा श्वास घेतला. "माझंपण शेणच आहे. शेणाची गोळी. बांबूत अडकलीय."

कस्तूचं रडणं घशातच राहिलं. तिला उचकी लागली. हिक्.

गोंदू लागला कामाला. खुरखुर खुरखुर. थोडं इकडून काढलं, थोडं तिकडून काढलं. बूट लखलखीत.

"ए दादा," कस्तू म्हणाली, "तुझा बूट बघ."

दादानं बूट बघितला. त्यालापण शेण. दादा हसायचा थांबला. तो गवतात बूट घासत बसला, खाली मान घालून.

कस्तूनं गोंदूला बुटावर घेतलं नि निघाली. वाट गोल ना, बांबूचं बेट पुढच्याच वळणावर होतं.

पोरगी थांबली, तर धनेश बसला, धप्प.
धनेश बसला, तर उंबर गळलं, टपटप टपटप.
उंबर गळलं, तर वानर झुललं, हुप्प.
वानर झुललं, तर बांबू वाकला, कर्रर्र.
बांबू वाकला, तर गोळी सुटली, गडगड गडगड.

सगळे बघायला लागले. गोंदूचे कान, म्हणजे असते तर, लाल झाले असते.

वानर म्हणालं, "ते म्हणजे हे होय?"

"हो," गोंदू म्हणाला. "शेण."

उंबरआजी म्हणाली, "मग लाजतोस काय मेल्या? शेण खाऊनच मी एवढी झाले."

गोंदूनं डोकं खाली घातलं, ढुंगण वर केलं, नि गोळी ढकलत ढकलत बिळापाशी नेली.

बायको दारातच होती. "गोळी कुणी बघितली नाही ना हो?"

"सगळ्यांनी बघितली."

"अगंबाई. मग?"

"मग काय? धर तिकडून."

गोळी गेली बिळात, गोष्ट गेली कानात. आता आपापले पाय बघा, नि मगच घाला पांघरुणात.